स्वस्तातला क्लिकवाला टॉर्क पाना: भरवसा ठेवण्याआधी घरीच कसा तपासायचा

चाकाचे नट किती आवळायचे, हे सोलापुरातल्या कुठल्याही गॅरेजात विचारा. उत्तर ठरलेलं असतं: "हाताला कळतं, मालक." ज्याच्या हाताखालून वर्षानुवर्षं गाड्या गेल्या, त्याच्या तोंडी ते शोभतं. अडचण आपल्यासारख्या नव्याने हात काळे करायला निघालेल्यांची आहे. आपल्या हाताला अजून काहीच कळत नाही. ड्रेन बोल्ट जरा जास्त दाबला की ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जातात, आणि चाकाचा नट ढिला राहिला तर पुणे हायवेवर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून टॉर्क पाना घ्यायचा, म्हणजे नटाला ठरवलेला पीळ (टॉर्क) बसला की सांगणारा पाना. नामांकित परदेशी पाना हातात घेतला की किंमत ऐकूनच परत ठेवावा लागतो. दीड-दोन हजारांपासून मिळणारा क्लिकवाला पाना मात्र परवडतो. मग प्रश्न येतो की हा खरं बोलतो का. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक वेळा पुरेसं खरं बोलतो, पण तुमच्या हातातला नेमका तोच पाना काय बोलतो हे तुम्ही स्वतः तपासलेलं पाहिजे. ते तपासणं अवघड नाही. एक व्हाइस (वस्तू जबड्यात आवळून धरणारा शिकंजा), किराणा दुकानातली वजनं आणि मोजपट्टी एवढ्यावर भागतं.

आत काय चालतं

नळीच्या आत एक जाड स्प्रिंग असते. मूठ फिरवली की ती दाबली जाते. स्प्रिंगचं पुढचं टोक एका छोट्या ठोकळ्यावर रेटा देतं आणि तो ठोकळा रॅचेटच्या डोक्यामागची शेपटी सरळ धरून ठेवतो. डोकं नळीत एका आडव्या पिनवर बसवलेलं असतं. नटावरचा पीळ स्प्रिंगच्या रेट्याला भारी पडला की ठोकळा कलंडतो, शेपटी नळीच्या आतल्या भिंतीवर आपटते, 'टक' असा आवाज येतो आणि हाताला झटका लागतो. डोकं दोन-चार अंश वळून पुन्हा घट्ट टेकतं.

त्यानंतर हा पाना नुसता दांडा उरतो. आवाज झाल्यावरही रेटत राहिलात तर नट आवळत जातो आणि पाना तुम्हाला थांबवत नाही. नवीन लोकांच्या हातून सर्वाधिक नट याच जागी जास्त आवळले जातात.

स्वस्त पान्यात काटकसर कुठे होते हेही यातून समजतं. ठोकळ्याच्या कडा नीट घासलेल्या नसतात, आतलं ग्रीस कमी किंवा हलकं असतं, स्केलच्या रेघा जाड आणि थोड्या तिरक्या असतात. स्प्रिंग बऱ्याचदा ठीकच असते.

±४ टक्के म्हणजे किती

हातपान्यांसाठी आयएसओ ६७८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची सध्याची आवृत्ती २०१७ची. सेट करून वापरायच्या क्लिकवाल्या पान्याला, कमाल क्षमता १० न्यूटन-मीटरच्या (न्यूटन-मीटर हे पीळ मोजायचं एकक) वर असेल तर, ४ टक्के कमी-जास्तीची मुभा आहे. त्याहून लहान पान्याला ६ टक्के. म्हणजे १०० वर लावलेला पाना ९६ ते १०४ मध्ये कुठेही वाजला तरी तो पास.

ही मुभा लावलेल्या आकड्यावर मोजायची असते. खोक्यावर 'फुल स्केलच्या ४ टक्के' असं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. २१० न्यूटन-मीटरच्या पान्यात ते सरसकट ८.४ होतात. १०० वर हे एक वेळ चालेल, पण ४२ वर हाच फरक २० टक्क्यांचा होतो.

अचूकपणा आणि सातत्य या दोन गोष्टींची इथे नेहमी गल्लत होते. एक पाना १०० वर लावला की दर वेळी ९४ ला वाजतो. दुसरा कधी ९३, कधी १०५, कधी ९९. दुसऱ्याची सरासरी चांगली दिसते, पण तो निरुपयोगी आहे. पहिला मी बिनधास्त वापरेन. त्याची खोड माहीत आहे, १०६ वर लावला की काम झालं. स्वस्त पाना तपासताना आपण आधी हे सातत्य शोधायचं.

आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा. पाना पीळ मोजतो, बोल्टमधला ताण मोजत नाही. आपण दिलेल्या पिळातला जवळपास ९० टक्के भाग नटाच्या बुडाच्या आणि आट्यांच्या घर्षणात खर्च होतो, जोड धरून ठेवणारा ताण उरलेल्यातून येतो. १२ मिलिमीटरच्या कोरड्या बोल्टला १०० न्यूटन-मीटर दिले तर ढोबळ हिशोबाने सव्वाचार टनांचा ताण येतो. त्याच बोल्टला तेल लावून तेवढाच पीळ दिला तर तो साडेपाच टनांच्या पुढे जातो. म्हणून पान्याच्या एक-दोन टक्क्यांवर वाद घालत बसण्यापेक्षा आटे वायर ब्रशने साफ करणं आणि मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा आहे की तेल लावलेल्या हे बघणं जास्त मोलाचं. गाड्यांच्या चाकांचे स्टड साधारणपणे कोरडेच ठेवायचे असतात. गंज लागू नये म्हणून ग्रीस फासायची आपल्याकडची सवय इथे महागात पडते.

पायरी १: कामाप्रमाणे आकार निवडा

घाईत लोक अर्धा इंची (हे सॉकेट बसवायच्या चौकोनी खुंट्याचं माप), २८ ते २१० न्यूटन-मीटरचा पाना उचलतात, कारण दुकानात तोच समोर असतो. हॅचबॅक कारच्या चाकांना तो योग्य. त्यांचे आकडे साधारण ८५ ते ११० च्या घरात असतात, म्हणजे पान्याच्या बरोबर मधल्या पट्ट्यात.

मोटारसायकलला मात्र तो नको. मानकानुसार पान्याची तपासणी कमाल क्षमतेच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर होते. २१० चे २० टक्के ४२. त्याखाली स्केलवर रेघा असल्या तरी त्यांची हमी कोणी घेतलेली नसते. वर तिथे क्लिक इतकं हलकं होतं की गॅरेजच्या गोंगाटात ऐकूच येत नाही. ड्रेन बोल्ट, स्पार्क प्लग, टॅपेट कव्हरचे बोल्ट हे सगळं ४२ च्या खालचं काम. त्यासाठी पाव इंची, ५ ते २५ चा किंवा तीन-अष्टमांश इंची पाना घ्या. दोनच चाकं असतील तर आधी लहान पानाच घ्या, मोठा नंतर बघता येईल.

ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्यांबद्दलही विचारणा होते, आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर. मोठ्या ट्रकच्या चाकांचे नट कित्येकशे न्यूटन-मीटरचे असतात. २१० चा पाना तिथे चालणार नाही, आणि त्याला पाईप लावून लांब करायचा तर विचारही करू नका.

पायरी २: दुकानात बघायच्या गोष्टी

पाना खोक्यातून काढायला लावा. मूठ सगळ्यात खालच्या आकड्यापासून वरपर्यंत फिरवून बघा. मध्येच अडकली किंवा सैल झाली तर दुसरा मागा. बुडाशी लॉकची चकती किंवा कडी असते. ती लावल्यावर मूठ अजिबात फिरता कामा नये. खोक्यातला कागद उघडा. त्यावरचा नंबर आणि पान्यावर कोरलेला नंबर एकच हवा. चांगल्या कागदावर तीन आकड्यांवर प्रत्येकी पाच वाचनं असतात, आणि ती एकमेकांपेक्षा जराशी वेगळी असतात. पाचही वाचनं हुबेहूब सारखी आणि नंबरची जागा मोकळी, असा कागद म्हणजे नुसता छापील कागद.

बरेच स्वस्त पाने फक्त उजव्या बाजूला, म्हणजे आवळण्याच्या दिशेने मोजतात. डाव्या आट्यांचं काम असेल तर आधी विचारून घ्या.

पायरी ३: स्केल वाचायला शिका

या पायरीवर निम्मे लोक चुकतात आणि खापर पान्यावर फोडतात. नळीवर आडव्या रेघा आणि मधोमध एक उभी रेघ असते, मुठीच्या कडेवर लहान आकडे. २८ ते २१० च्या पान्यावर बऱ्याचदा नळीच्या रेघा १४-१४ च्या अंतराने असतात: २८, ४२, ५६, ७०, ८४, ९८. मूठ एक पूर्ण वेढा फिरली की एक रेघ पुढे. समजा ९० लावायचे आहेत. मुठीची कड ८४ च्या रेघेवर आणा, मुठीवरचा शून्य मधल्या उभ्या रेघेशी जुळवा, मग ६ येईपर्यंत पुढे फिरवा. ८४ आणि ६, झाले ९०. लॉक लावा.

शेवटचा आकडा नेहमी खालून वर चढत गाठायचा. पुढे गेलात तर बरंच मागे येऊन पुन्हा चढा, कारण आट्यांमधला ढिलेपणा दोन दिशांनी वेगळा निघतो.

नळीच्या दुसऱ्या बाजूला बहुधा फूट-पाउंड असतात. १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. चुकून त्या बाजूला ९० लावलेत तर नटाला १२२ मिळतील. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर (kg-m) भेटतात, त्याला ९.८ ने गुणा: ९ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ८८ न्यूटन-मीटर.

पायरी ४: वजनाची परीक्षा

या परीक्षेला वेळ द्या, घाई नको.

वजनं ओळखीच्या किराणा किंवा भुसार दुकानातून आणा. "अण्णा, दहा-दहाची दोन वजनं तासभर द्या की," म्हटलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. वैधमापन खात्याचा शिक्का असलेली वजनं घ्या. हौशी माणसाच्या आवाक्यात याहून भरवशाचं माप दुसरं नाही. वजनं नाहीच मिळाली तर पाण्याचा कॅन भरून दुकानातल्या काट्यावर तोलून आणा.

पाना महिनाभर पडून असेल किंवा नवा कोरा असेल, तर आधी वरच्या आकड्यावर लावून पाच-सहा वेळा वाजवा. साठलेलं ग्रीस पसरायला हे लागतं. प्रयोगशाळाही हेच करतात. हे न केल्यास पहिली दोन-तीन वाचनं जास्त येतात आणि पाना उगाच बदनाम होतो.

आता पान्याचा चौकोनी खुंटा व्हाइसच्या जबड्यांच्या बाजूच्या टोकाला घट्ट पकडा, असा की पाना जमिनीला समांतर हवेत राहील. तुम्ही डोक्याच्या पाठीकडे बघत असाल तर मूठ तुमच्या उजव्या हाताला यायला हवी, म्हणजे वजन आवळण्याच्या दिशेने खेचेल. व्हाइस टेबलाला बोल्ट केलेला असू द्या आणि पाय वजनाखाली ठेवू नका.

मुठीच्या मधोमध, जिथे पकडायची रेघ असते, तिथे सुतळीचा फास अडकवा. खुंट्याच्या मध्यापासून सुतळीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. ४० सेंटिमीटरमध्ये एक सेंटिमीटर चुकलात तर अडीच टक्के तिथेच गेले. सुतळीची जागाही महत्त्वाची आहे. पाना खुंट्याभोवतीचा नाही, आतल्या पिनेभोवतीचा पीळ ओळखतो. मुठीच्या भलत्याच जागी जोर दिला की त्याचं उत्तर बदलतं. म्हणूनच काम करतानाही मूठ मधोमध धरायची असते.

हिशोब असा. वजन २० किलो, अंतर ०.४० मीटर, गुणिले ९.८१, आले ७८.५ न्यूटन-मीटर. यात पान्याचं स्वतःचं वजन मिळवायचं. पाना एका बोटावर आडवा तोलून धरा, तो जिथे तोलतो तिथपासून खुंट्यापर्यंत मोजा. पाना १.४ किलोचा आणि ते अंतर १९ सेंटिमीटर असेल तर २.६ आणखी येतात. एकूण ८१. हे २.६ सोडून दिले तर तीन टक्क्यांची चूक होते, आणि आपण चार टक्क्यांचाच शोध घेतोय.

पाना ७० वर लावा. वजन दोन्ही हातांनी धरून अगदी सावकाश सोडा. टक वाजेल. झटक्याने सोडलंत तर भलत्या आकड्यालाही वाजेल, म्हणून सावकाश. वजन उचला, पाना परत सरळ होऊ द्या, ७४ लावा, पुन्हा सोडा. मग ७७, ७९, ८१, असं चढत जा. एका आकड्याला वजन पूर्ण लटकूनही पाना गप्प राहील. तो आकडा लिहून ठेवा. हेच सगळं आणखी चार वेळा करा.

गप्प होण्याचा आकडा ७८ ते ८४ च्या आत आला आणि पाचही वेळा एक-दोनच्या फरकात राहिला, तर तुमचा दोन हजारांचा पाना मानकात बसणारं काम करतोय. तो ८६ ला गप्प होत असेल, आणि दर वेळी ८६ लाच, तर तो सहा टक्के कमी पीळ देतो. १०० हवे असतील तर १०६ लावायचे. कागदी पट्टीवर हे लिहून पान्याला चिकटवा. पण कधी ७६, कधी ८७ असं येत असेल तर पान्यात दोष आहे. पावती घेऊन दुकान गाठा.

एकाच वजनावर थांबू नका. ३० किलोने पुन्हा बघा. एका आकड्यावर खरा आणि दुसऱ्यावर खोटा, असे पाने असतात. पाना १५ अंशांनी कलला तर साडेतीन टक्के जातात, म्हणून प्रत्येक वेळी तो आडवा आहे ना हे डोळ्यांनी नीट बघा.

लहान, ५ ते २५ च्या पान्यालाही हीच पद्धत, फक्त वजन ५ किलो. त्याच्या बाबतीत पान्याचं स्वतःचं वजन आणखी काळजीने मोजा.

पायरी ५: नट आवळताना

नट आधी हाताने, मग साध्या पान्याने बसवून घ्या. टॉर्क पाना फक्त शेवटच्या टप्प्यासाठी. एका संथ ओढीत, मधे न थांबता, टक येईपर्यंत. टक आला की हात सैल. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टक करायची सवय लावून घेऊ नका, दर टकला थोडं थोडं आवळत जातं.

कारच्या चाकाला चार किंवा पाच नट समोरासमोरच्या क्रमाने, आधी अर्ध्या आकड्यावर आणि मग पूर्ण. शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर, म्हणजे तुळजापूरला जाऊन आलात की, थंड चाकावर पुन्हा एकदा तपासा.

सॉकेटला सरळ लावलेली एक्स्टेन्शन दांडी आकडा बदलत नाही. पान्याच्या लांबीत भर घालणारं जोड-टोक लावलं तर आकडा बदलतो. तेव्हा लावायचा आकडा काढताना हवा तो टॉर्क पान्याच्या लांबीने गुणायचा आणि लांबी अधिक जोड-टोकाची लांबी याने भागायचा.

इंजिनच्या हेड बोल्टला मॅन्युअलमध्ये आकड्यानंतर अंश दिले असतील, तर टॉर्क पाना पहिल्या टप्प्यापुरताच. पुढे कोन मोजायचा.

नट सोडवायला हा पाना कधीही वापरू नका. गंजलेला नट कमाल आकड्याच्या पलीकडचा जोर मागतो आणि तो थेट त्या पिनेवर आणि शेपटीवर पडतो. स्वस्त पाने लवकर बिघडतात याचं मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि त्यात कंपनीचा काही दोष नसतो.

ठेवायचा कसा

काम झालं की मूठ स्केलच्या सगळ्यात खालच्या आकड्यापर्यंत उतरवा. स्प्रिंग रात्रंदिवस दाबलेली राहिली तर ती हळूहळू नरमते. मात्र खालच्या आकड्याच्याही पलीकडे सैल करू नका, आतला ठोकळा जागचा हलू शकतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मानकातली तपासणी १८ ते २८ अंशांत होते. मे महिन्यात इथे सावलीत ४० च्या वर पारा जातो, बंद डिकीत त्याहून कितीतरी जास्त. डिकीतून काढलेला तापलेला पाना लगेच वापरू नका, घरात तासभर ठेवा. कायमचा मुक्काम तर डिकीत नकोच, आतलं ग्रीस पातळ होऊन एका बाजूला उतरतं.

यंत्रमागाच्या शेडमध्ये वापरत असाल तर रॅचेटच्या डोक्याकडे लक्ष द्या. चादरी-टॉवेलच्या मागांवर उडणारा कापसाचा तूस ग्रीसला चिकटतो आणि दात नीट बसत नाहीत. कोरड्या फडक्याने डोकं पुसून डबीत ठेवा. रॉकेलच्या किंवा डिझेलच्या डब्यात पाना बुडवायचा नाही, आतलं ग्रीस धुऊन निघतं.

प्रयोगशाळा कधी

घरच्या कामाला वजनाची परीक्षा पुरते. मानकात फेरतपासणीची मुदत ५,००० वेळा वापर किंवा १२ महिने, जे आधी येईल ते. घरगुती पान्याला वर्षातून एकदा, उन्हाळा संपल्यावर तपासलं तरी चालेल.

पण तुम्ही चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग पुरवत असाल, तर ग्राहकाच्या ऑडिटरला तुमची सुतळी आणि वजनं चालणार नाहीत. त्याला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा दाखला लागतो. कुठल्या प्रयोगशाळेला टॉर्कसाठी मान्यता आहे ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर शहरानुसार बघता येतं. दाखल्यात फक्त 'पास' लिहून घेऊ नका, प्रत्येक आकड्यावरची वाचनं मागून घ्या. स्वस्त पान्याच्या तपासणीचं शुल्क त्याच्या किमतीच्या मानाने बरंच वाटेल. अशा कामाला पहिल्यापासून जरा वरच्या दर्जाचा पाना घेतलेला बरा.

बुडाशी असलेला किंवा नळीतल्या भोकातून दिसणारा समायोजनाचा स्क्रू स्वतः फिरवू नका. त्याने सगळ्या आकड्यांचं गणित एकदम सरकतं, आणि ते परत जुळवायला एका वजनाची परीक्षा पुरत नाही. कागदी पट्टीवरची दुरुस्ती कधीही सोपी. पाना फरशीवर पडला, कोणी त्याने नट सोडवला, किंवा टकचा आवाज आधीपेक्षा मऊ वाटू लागला, तर मुदतीची वाट न बघता त्याच दिवशी वजनं मागून आणा.